मुळावरचा फेस

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझं रागावणं आठवावं लागतं. शहराच्या कडेला, वाडीतल्या भाड्याच्या खोलीत बसून लिहितोय. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेतोय आणि क्लीनर ‘आने दे, आने दे’ ओरडून राहिलाय. हिंगण्याची कंपनी सोडली, मग गोदाम सोडलं. आता एका प्रयोगशाळेत मुळं धुतो. हसू नको, मुळं धुण्याचाही पगार मिळतो. कुंड्यांमध्ये संत्र्याची रोपं आहेत, काहींचं पाणी तोडलेलं. त्यांची बारीक मुळं धुऊन मी बर्फावर ठेवलेल्या खलात कुटतो. बर्फ नसला तर मुळातलं एन्झाइम बिघडतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणायचे. ते पान आलं तेव्हा मी बहुतेक तलावावर होतो.

तिथल्या मॅडमनी एकदा चहा पिता पिता समजावलं. पाणी तुटलं की मुळाच्या आत एक जहाल द्रव्य साचायला लागतं, मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं तेच. मूळ आपल्याच विषानं जळू नये म्हणून एन्झाइम ते फोडून त्याचं पाणी आणि हवा करून टाकतं. ताण वाढतो तसं एन्झाइमही वाढतं. पण ताण फारच लांबला की ते खाली येतं, आणि मग मूळ हरतं. मी विचारलं, वरून पाहून कळत नाही का? त्या म्हणाल्या, “पानं तर आधीच मान टाकतात. मूळ किती लढलं ते पानांना काय माहीत?”

मला गोठ्यामागचं झाड आठवलं. थंडी आहे, आंब्या बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना फुलं यावीत म्हणून, तू सगळी बाग ताणावर टाकली आहेस, पाणी तोडलं आहेस. झाड घाबरल्याशिवाय फुलत नाही, असं तुझं म्हणणं. पानं वळली आहेत, आणि मी गुपचूप त्या एका झाडाला रोज बादल्या ओततोय. बाकीची झाडं वाळून उभी, याला कोवळी पालवी. तू समोर उभी.

“काहून रे, पाणी देल्लं तू याले?”

“मले पाहवत नव्हतं.”

“बरं. आता याचे संत्रे तूच खाजो.”

त्या झाडाला नुसता पाला आला. तोडणीच्या दिवशी सगळ्यांच्या हातावर तू संत्रं ठेवलंस, माझ्या हातावर पान. संध्याकाळी मी रुसून चुलीपाशी बसलो, तर ताटलीत एक संत्रं होतं, सोललेलं, शिरासुद्धा काढलेल्या. तू पाठमोरी भाकरी थापत होतीस. आयटीआय अर्ध्यावर टाकून आलो तेव्हाही तू बोलणं बंद केलंस. दादा म्हणाला, “तुले बी ताणावर टाकलं मायनं. पाहू काही फुलते का!” काही फुललं नाही. मी परत निघून गेलो.

परवा दादाचा फोन आला. “लेका, तू तिथं मुळं कुटून राहिला ना, मंग येऊन सांग मले. अजून थांबू का पाणी सोडू? मागच्या साली घाई केली, नुसता पाला आला. औंदा तसं झालं तं वर्षच गेलं.” तू पान बोटात चुरून, त्याचा आवाज ऐकून सांगायचीस. दादाही चुरतो, पण त्याला काही ऐकू येत नाही.

मी मेडिकलमधून जखमेच्या औषधाची बाटली घेतली आणि बसमध्ये बसलो. मॅडम मुळांवर हेच थेंब टाकून दाखवायच्या. फेस आला तर एन्झाइम शाबूत, मूळ अजून तग धरेल. नाही आला तर पाणी द्या, उशीर झाला. दादा मोटरच्या बटणापाशी थांबला होता. मी बागेत उकिडवा बसून माती उकरली, चार-दोन झाडांची मुळं तोडली, दगडावर ठेचली, वर थेंब टाकले. सगळ्यात शेवटी गोठ्यामागचं.

“काय म्हणते रे?” दादानं तिकडून ओरडून विचारलं.

“फेस नाही, दादा. सोड पाणी.”

त्यानं बटण दाबलं. पाणी आळ्यात शिरलं तशी माती फुसफुसली. दादानं येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. “बरं झालं तू आला गा. माह्या हातानं मेले असते झाडं.”

आता फूल येतं की पाला, ते कळायला अवकाश आहे. मॅडम विचारतात, राहणार का पुढेही. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हा कागद बाटलीच्या खोक्यात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवतो. दादाच्या हाती लागायला नको.

फेस आला होता, माय. प्रत्येक मुळावर, पांढराशुभ्र, दगडावरून ओघळेपर्यंत. अजून आठवडाभर तरी ती झाडं हटली नसती. पण इतकं लढून राहिलेलं काही पाहिलं की आता मलाच दम लागतो. मले पाहवलं नाही.