सुतक घेऊन परभाषांच्या शाळेत

ग्वांगशू सम्राटांचं चौथं वर्ष, आठवा महिना, दिवस तिसरा

पोचलो एकदाचा पेकिंगला! चार दिवस गाडीत हाडं खिळखिळी झाली. गाठोड्यात सुतकाचं पांढरं कापड आहे. उद्या युनछिंगला सांगायचं — आई गेली. मग रिवाजाप्रमाणे सत्तावीस महिने सुतक, पोरगा घरी! ना शाळा, ना परीक्षा, ना त्या गोऱ्या भुतांची भाषा. चार वर्षं मी कंठशोष केला, ते ती मरून साधून गेली. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

दिवस चौथा

शाळेत गेलो. दारावरचा शिपाई म्हणतो, "काय आजोबा, तुम्हीपण नाव घालायला आलात?" थोबाड फोडावंसं वाटलं मेल्याचं! प्रांताच्या परीक्षेला सात वेळा बसलेला माणूस मी. सातही वेळा नापास, पण ते त्याला कशाला सांगू?

वर्गात तिशीचे बाप्ये पोरांसारखे घोकत होते. दाढीवाला गोरा मास्तर बाटलीत काहीबाही ओतत होता, आणि युनछिंग उभा राहून त्याचं बोलणं आपल्या भाषेत सगळ्यांना समजावत होता. कुठे अडखळणं नाही! माझ्यापुढे आपले जुने ग्रंथ म्हणताना तोतरा व्हायचा हाच. असा जळफळाट झाला माझा! अभिमानही वाटला, त्याचाच जास्त राग आला.

बाहेर आला. "बाबा, परवा शेवटची परीक्षा. पास झालो तर वकिलातीबरोबर पॅरिसला — दुभाषा म्हणून!"

सांगायला तोंड उघडलं. आणि बाहेर काय पडलं? "घरी सगळे मजेत."

"बरं," म्हणाला.

दिवस पाचवा

आईचं सुतक लपवून परीक्षेला बसणं म्हणजे गुन्हा. कळलं तर नाव कायमचं खोडतील, फटके वेगळे. त्याला तर बिचाऱ्याला ठाऊकही नाही! पाप माझं एकट्याचं. अजून वेळ होता, तरी गेलो नाही. दिवसभर सराईतल्या खोलीत बसून गेलेल्या बायकोशी मनातल्या मनात भांडत राहिलो.

दिवस सहावा

परीक्षा झाली.

दिवस नववा

पहिला आला! खोलीवर बोलावलं, दार लावलं, सांगून टाकलं.

रडला नाही. अंगरख्याची बटणं सोडली. आत सुतकाचं जाडंभरडं पांढरं — चांगलं मळलेलं.

"मामांचं पत्र तुमच्या आधीच आलं होतं, बाबा. मला न्यायलाच आलात, हेही कळलं होतं. तुम्ही बोलला असतात तर घरी जावंच लागलं असतं."

एक सणसणीत ठेवून दिली. मग त्याची बटणं मीच लावली, गळ्यापर्यंत.