कललेल्या खांबाबद्दल, बापाच्या अक्षरात

चिरंजीव नातबाईस,

आजीचा पोटभर आशीर्वाद. आशीर्वाद माझा, अक्षर तुझ्या बापाचं. तेव्हा ओळी वाकड्या आल्या तर मला बोल लावू नकोस. जहाजावर वेळेवर जेवतेस ना? माझे गुडघे कुरकुरतात, पण अजून माझं ऐकतात. या घरात तेवढेच ऐकतात.

बारा दिवस तुझा फोन नाही. शेवटचा आला तेव्हा तू रडत होतीस, आणि मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं (कान शाबूत आहेत, आणि तुझा बाप फोन स्पीकरवर ठेवतो). पवनचक्कीचा खांब समुद्राच्या तळात ठोकताना कलला, चालतं त्याहून जास्त कलला. भाड्याने आणलेलं मोठं जहाज परत जायची वेळ झाली, म्हणून साहेब म्हणतात, महिनाअखेरीच्या आत कागदावर ‘सरळ’ लिही आणि सही करून मोकळी हो. तू बापाला विचारलंस. बाप म्हणाला, “कर सही. पाण्याखाली कोण बघतंय?” (हे लिहिताना त्याचा हात थांबला होता. मी म्हटलं, लिही. बोललास तू, मी नाही.)

मला खांबातलं काय कळतं? म्हणून करून पाहिलं. न्हाणीघरात बादलीत वाळू भरली, वर पाणी ओतलं, मधोमध झाडूचा दांडा रोवला आणि हाताने पाणी घुसळत बसले. थोड्या वेळात पाण्याने दांड्याच्या बुडाशी वाळू उकरून खळगा केला नि दांडा लागला डुलायला. अशा वेळी पायाशी दगड टाकतात, असं तूच मागे सांगितलं होतंस. दगड कुठून आणू? तुझ्या बापाच्या पेटीतले सगळे स्क्रू ओतले. (सुतार माणूस, दोन दिवस तेच शोधत होता. आत्ता लिहिताना कळलं त्याला. बघतोय माझ्याकडे.) उकरणं थांबलं गं, पण दांडा कलला तो कललेलाच राहिला. मग चक्कीच्या डोक्याचं वजन म्हणून वर पितळी तांब्या बांधला. खाली केसभर वाटणारा कल वर वीतभर झाला, बादली आडवी झाली आणि तिच्या शेजारी मी. कंबरेला शेक चालू आहे. काळजी नको, बादली ठीक आहे.

तेव्हा ऐक. उद्या त्या खांबाच्या आतल्या शिडीने कुणाचं तरी लेकरू दुरुस्तीला चढेल. त्याची आई तुझा कागद वाचणार नाही. माझ्यासारखीच असेल, वाचता न येणारी. तिला पोर संध्याकाळी घरी यायला हवं, बस.

तुझी आजी
(अंगठा माझाच. डाग बापाच्या पेनाचे.)

ता.क. बापाला वाईट समजू नकोस. तुझी नोकरी जाईल या धास्तीने तो तसं बोलला. रोज फोन हातात घेतो, नंबर काढतो आणि ठेवून देतो. नंबर कुणाचा ते मला वाचता येत नाही, त्याचं तोंड वाचता येतं. तर खरं काम एवढंच: खांबाचं तुझं तू ठरवशील, त्याला फोन कर.

दुसरा ता.क. यातलं त्याने काही गाळलं असेल तर मला कळायचं नाही. फोन केलास की सगळं पत्र मला वाचून दाखव.

तिसरा ता.क., माझा. आजी आत गेली आहे. काही गाळलेलं नाही. खरा आकडा लिही. नोकरी गेली तर गेली, तुझी खोली आवरून ठेवली आहे.
बाबा