तिसरा फोन उचलला नाही तर

सोम., ३ फेब्रु.
अर्चनाचं नक्की झालं. वॉर्डातून डॉक्टरांना निरोप पाठवायचं अ‍ॅप येतंय, ते आमच्या गळी उतरवायला हॉस्पिटलला सल्लागार हवी होती. मेडिकल सुपरिंटेंडेंट सरांना नाव मीच सुचवलं. नर्सिंगला तीन वर्षं एका खोलीत काढली आम्ही. पेशंटजवळ उभी राहिलेली बाई आहे, आमची दुखणी तिला कळतील, असं छातीठोकपणे सांगून आले.

गुरु., ६ फेब्रु.
अ. आज माझ्या वॉर्डात. लॅपटॉप बंद ठेवून पोरींशी गप्पा, त्यांच्याच डब्यातलं खाल्लं. नवी सिस्टर पल्लवी तर लट्टूच. "ताई, ह्या मॅडम आपल्यातल्याच वाटून राहिल्या."
मला उगाच मिरवल्यासारखं झालं.

बुध., १२ फेब्रु.
अ. मनीषनगरला आमच्या घरी जेवायला. भरल्या वांग्यांवर ताव. मग म्हणाली, डॉक्टर फोन उचलत नाहीत तेव्हा तुम्ही खरंच काय करता? रिपोर्टात येणार नाही, फक्त मला समजायला हवं.
सांगितलं सगळं. डॉक्टर ऑपरेशन थिएटरात असले की तीन फोन करायचे. तिसराही नाही उचलला तर तापाचं, दम्याचं नेहमीचं औषध आपणच द्यायचं आणि केस पेपरवर 'डॉ.नी फोनवर सांगितले' लिहायचं. राउंडला ते मुकाट सही करतात. नियम मीच घालून दिलेला. पल्लवीनं परवा असंच औषध दिलं, तेही उदाहरण दिलं. कौतुकानं दिलं, पोरगी डगमगली नाही म्हणून.

गुरु., २७ फेब्रु.
रिपोर्ट आला. पान नऊ. 'डॉक्टरांच्या नावाने खोट्या नोंदी.' वॉर्ड, तारीख, वेळ, सगळं. अ‍ॅप का हवं, तर आमच्यामुळे.
डॉक्टर म्हणतात, आम्हाला कल्पनाच नव्हती. मग सह्या काय भुतानं केल्या?
पल्लवीला नोटीस. अजून कायमसुद्धा झालेली नाही ती.
माझ्या घरी जेवून केसानं गळा कापला. दुसरं काही लिहवत नाही.

शनि., १ मार्च
अ.ला फोन केला. आवाज अगदी शांत. म्हणे पल्लवीचं नाव लिहिलंच नव्हतं. ड्यूटी चार्ट हॉस्पिटलनं काढला, त्याला ती काय करणार. पुण्याची झाली, तरी माझ्याशी अजून आपल्याच बोलीत: "नियम कोणाचा, ते म्या लिहिलंच नाही. तुले वाचवलं वं."
मी भांडायला फोन केला होता. हे ऐकून क्षणभर हायसं वाटलं. हो, वाटलं; खोटं कशाला लिहू. तेव्हापासून तिच्याइतकीच माझीही किळस येतेय.

सोम., ३ मार्च
उद्या अकराला चौकशी. तोंड उघडलं तर इन्चार्जपद जाईल, कदाचित नोकरीही. नाही उघडलं तर पल्लवीची जाईल. यांना विचारलं, ते म्हणाले तुझं तू बघ.
दुपारी पल्लवी वडिलांना घेऊन आली. वाडीला गोदामात हमाली करतात, आजचा खाडा करून आले. खुर्ची दिली तरी बसेनात.
पल्लवी म्हणाली, "ताई, त्या मॅडमले हे कोणं सांगतलं असन? मी तर एक शब्द नाही काढला."
मी तिच्या वडिलांसाठी पाणी आणायला उठले. परत आले तर ती तशीच, माझ्याकडे बघत. उद्या तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल ना, म्हणाली. हो म्हटलं.
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं पुन्हा मागितलं नाही.