रशीदचाचा, तो मिक्सर भावानं दिला नव्हता

प्रिय रशीदचाचा,

आज सकाळी तुमच्या सलीमनं दुकानाची पाटी खाली उतरवली. तवापासून माह्या जिवाले चैन नाही. उठते, बसते, चहा ठेवते अन् विसरते. म्हणून हे लिहून राह्यली. तुमाले जाऊन चारच महिने झाले नं!

मिक्सर, पंखे, कूलर विकणारं अन् दुरुस्त करणारं पुसदच्या आपल्या गल्लीत तुमचंच एक दुकान. दुरुस्त केलेला मिक्सर तुम्ही असाच कधी दिला नाही. "बेटी, घरून दाळ भिजवून आण," म्हणायचे. समोर वाटून दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. दुकानात तेलाच्या वासापेक्षा वाटल्या दाळीचाच वास जास्त! मले लय हसू यायचं.

अन् मी काय केलं? दिवाळीले मोबाइलवरून नवा मिक्सर मागवला. दोन महिन्यांत बंद पडला. कंपनीवाले फोन उचलेनात. मग कुठं गेलती मी? तुमच्याकडंच! वरून "भावानं दिला" म्हणून बिनधास्त ठोकून दिलं.

तुमाले तवाच कळलं होतं नं, चाचा? तुम्ही चष्मा पुसला अन् म्हणाले, "भाई को सलाम बोलना." बस! काहून नाही रागावले? चार शब्द सुनावले असते तर मी सुधरली असती. त्यानंतर पंखाबी मोबाइलवरूनच घेतला मी. तुमच्या चांगुलपणाचा आज मले राग येऊन राह्यला.

सकाळी सलीमले विचारलं, "काहून बंद करून राह्यला रे?"

"काकू, दुरुस्तीले सगळे येतात, घ्याले कोणीच येत नाही. नुसत्या दुरुस्तीवर घर कसं चालन? नागपूरले नोकरी पाहतो."

अन् चाची? ती इथं एकटी? मले राहवलं नाही. म्हटलं, "सलीम, तो मिक्सर भावानं दिला नव्हता."

"ठाऊक आहे, काकू. अब्बा म्हणाले होते, सुनंदाले काही बोलू नको. तिले लाज वाटली तर ती यायचीच बंद होईन."

चाचा, मी तिथंच रडली.

आता शब्द देते. उद्या बचत गटाच्या बैठकीत उभी राहून हे सगळं सांगीन, माह्या खोट्यासकट. गटाले कूलर घ्यायचा आहे, तो सलीमकडूनच घेऊ म्हणीन. बाया हसल्या तर हसू दे. सलीम थांबन का नाही, मले माहीत नाही. पण माही लाज आता तुम्ही नका झाकू.

तुमची,
सुनंदा