बारा दिवसांनी रस्ता उघडला

अहो,

बारा दिवसांनी रस्ता उघडला, आज तुमी घरी येताय आणि मीच नसणार.

नांदूरघाटच्या वत्सलाबाईंचं इन्सुलिन पुरात वाहून गेलं. सकाळपासून त्या ग्लानीत हायत. औषध आत्ताच दवाखान्यात पोचलं. डॉक्टर म्हणले, "सिस्टर, आज मिस्टर येणार ना? राहू द्या." पण दुसरी नर्स हाय कुठं? ट्रॅक्टरवरून मीच निघाले.

भाकरी अन् पिठलं झाकून ठेवलंय. पाणी उकळूनच प्या.

तुमच्यासाठी दोनदा फाट्यावर जाऊन आले. उतरणारा प्रत्येक माणूस लांबून तुमीच वाटला. उद्या पहिल्या गाडीनं परत जाणार म्हणला होता तुमी. जाऊ नका. मी येईस्तोवर थांबा, मला तुमाला डोळे भरून बघायचंय.

पंचशीला