आईची जपानी चाल

८ जानेवारी १९९५, रविवार

आई गायली! बोलली नाही — गायली. तोंड वाकडं, लाळ गळतेय, आणि सूर मात्र सरळ. तेही काय, तर टीव्हीवरच्या जपानी मालिकेचं सुरुवातीचं गाणं!

दत्तजयंतीनंतर झटका आला तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द नाही. 'मंजू' नाही, 'पानी' नाही. आज मी पेज भरवत होते, टीव्ही नुसता चालू. पडद्यावर ती होडी वल्हवणारी बाई आली, गाणं सुरू झालं, आणि आईनं जिभेनं चमचा बाहेर ढकलून सूर लावला. अगदी शेवटपर्यंत. मालिका हिंदीत केलीय, पण गाणं जपानीच ठेवलंय. एक अक्षर कळत नाही कोणाला. आईला तरी काय कळत असणार? पण गणपतीपासून दर रविवारी बघायची. "वल्हं कसं धरलंय बग, बुरंल अशानं," असं त्या बाईला बोल लावत बघायची.

शेजारची हौसाबाई धावत आली. "काय गो मंजू, तुजी आय जपानी झाली!"

मला आनंद व्हायला हवा होता. पेज सांडलेली, ती पुसली.

१० जानेवारी

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, होतं असं. बोलणं जातं, गाणं राहतं. पुढे बोलतील का विचारलं तर म्हणाले, "बघू." सगळे 'बघू'च म्हणतात.

२२ जानेवारी

आजही. टीव्ही लागला की गाते, संपला की गप्प. मधले दिवस भिंतीकडे तोंड.

सकाळी बालवाडी, दुपारी आईची अंघोळ, लुगडं, मालिश. मुलं कविता म्हणतात, मी टाळ्या वाजवते. आत काही हलत नाही. बालवाडीतल्या शीलाबाईंनी विचारलं, "मंजुळा, बरी आहेस ना?" बरी आहे म्हटलं. खोटं नव्हतं ते. वाईटही वाटत नाही.

५ फेब्रुवारी

धाकट्या उत्तमचं लग्न ठरलं. मुलगी दिवा गावची, शकू. हळद नऊ मे, लग्न दहाला.

आणि लगेच मनूमावशी — "भागीरथीच्या पोराची हलद, भागीरथीनंच धवला गायाला पायजे." आई धवलारीण आहे, हळदी-लग्नात देवांना नि पूर्वजांना बोलावणारं गाणं, धवला, गाणारी. आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात निम्म्या घरांच्या हळदी तिच्या गळ्यावर लागल्या. भटजी चुकला तर चालेल, धवला चुकून चालत नाही! पण आई आता कुठून गाणार?

"जपानी गाते ना? मंग आपला पन येल." हे मावशीचं लॉजिक.

उत्तम तर लहान पोरासारखा हट्टाला पेटलाय. बाबा गेले तेव्हा तो सहा वर्षांचा. त्याला सगळं आईच. "ताई, दुसरी धवलारीण आणलीस तर मी पाटावर बसणार नाय." घ्या!

१९ फेब्रुवारी

मावशीनं आईच्या कानाशी बसून धवल्याची सुरुवात करून दिली. आईनं मान फिरवली. पुन्हा सुरुवात. पुन्हा मान. मावशी रडली. मग रविवारचं गाणं लागलं आणि आई मजेत गायली. मावशीनं त्या जपान्यांचा उद्धार केला.

१२ मार्च

उत्तमनं मित्राचा टेपरेकॉर्डर आणलाय. टीव्हीसमोर धरून ते गाणं भरून घेतलं. गाण्यात हौसाबाईच्या कुकरच्या शिट्ट्या आणि उत्तमचा खोकला. आता ते रोज वाजतं. आई रोज गाते. खोकल्याच्या जागी थांबते!

हसू यायला पाहिजे होतं.

२ एप्रिल

भांडी घासताना माझ्याच तोंडात ती चाल. आणि त्या चालीवर धवल्याचे शब्द. घासणी तशीच हातात राहिली. मला धवला येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. शिकवला नाही कोणी. आई गायची तेव्हा मी मागे हळदीचं ताट धरून उभी असायचे, बस्स.

कोणाला बोलले नाही.

३० एप्रिल

मालिका संपली. ती होडीवाली बाई शेवटी म्हातारी होऊन काठावर बसली, आणि गाणं सगळंच्या सगळं लागलं, दोन्ही कडवी. दुसरं कडवं आईला माहीत नव्हतं. तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. मग जाहिरात.

हौसाबाईनं डोळे पुसले. मी पण पुसून पाहिले, कोरडे होते.

१० मे

काल हळद झाली, आज लग्नही लागलं. लिहायला आत्ता वेळ मिळाला.

मांडव भरलेला. आईला खुर्चीत बसवलं, हिरवं लुगडं, वेणी. दिव्याची माणसं आलेली. उत्तम पाटावर. मावशीनं माईक आईच्या तोंडाशी धरला. आई गप्प.

तर आमच्या शहाण्यानं काय करावं? पाटावरून उठला आणि टेप लावला — लाऊडस्पीकरवर! अख्ख्या कोळीवाड्यात जपानी गाणं, कुकरच्या शिट्टीसकट! दिव्याची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ठान्याची रीत येगली हाय वाटते."

आई गायली. नुसता सूर, शब्द नाहीत. मावशी कानात ओरडतेय, "धवला बोल गो, धवला!" टेप संपला. आई थांबली. उत्तमचा चेहरा बघवेना.

मग मी माईक घेतला. का, ते माहीत नाही. कोणीतरी घ्यायलाच हवा होता. तोंड उघडलं तर धवला आला, पण चाल तीच, जपानी! बदलायला गेले तर शब्द सुटायला लागले, म्हणून तशीच रेटली. गावदेवीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं. घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावतात, तसं आज्याला बोलावलं, आजीला, भिवाजीकाकांना. मग हळद, तेल, नारळ. बायकांनी मागनं ओळ उचलली. त्यांनाही चाल पाठ! गेले दोन महिने भिंतीपलीकडून ऐकतच होत्या.

उत्तम रडत होता. मावशीनं माझ्या चेहऱ्यावरनं हात फिरवून बोटं मोडली. "आयेचा गला हाय." सगळ्या म्हणाल्या छान झालं.

मला काय वाटलं? घसा दुखला. पाणी प्यायले.

आई माझ्याकडे बघत होती. बराच वेळ.

१४ मे

आई गात नाही. टेप लावला तरी नाही. दोनदा लावला, तीनदा लावला. भिंतीकडे तोंड.

१७ मे

खातही नाही धड. शकू बिचारी नवी नवरी, सासूला भरवायला बसते. आई ओठ मिटून घेते. शकूला वाटतं, आपलाच पायगुण.

डॉक्टर म्हणाले, बहुतेक पुन्हा बारीक झटका येऊन गेला असेल. हौसाबाई म्हणते, गाणं संपलं तशी ती पण संपत आली. तिला म्हटलं, चूप बस!

२३ मे

तसंच.

२८ मे

रविवार. त्या वेळेला टीव्हीवर आता कसलीशी प्रश्नमंजूषा असते. तरी लावला. आई बघत नाही.

एक खरं सांगते, इथे तरी. मला वाटतं मी माईक घ्यायला नको होता. तिचं होतं तेवढं एक गाणं, ते मी घेतलं. ती धवलारीण होती तोवर आजारी होती, आता नुसती म्हातारी आहे. असं वाटतं, पण वाटतं म्हणजे नुसतं डोक्यात येतं. छातीत काही होत नाही. जेवले, झोपले.

३१ मे

आई बोलली!

टेप लावून मी तिचे केस विंचरत होते. तिनं माझा हात धरला. "बंद कर तां." जड जिभेनं, पण बोलली! मी बंद केला. म्हणाली, "चुकलीस."

"काय चुकले गं आये?"

किती तरी वेळ तोंड हलवत राहिली. मग म्हणाली, "नाथाला नाय बोलावलास."

बाबांना! सगळ्यांना बोलावलं मी, आणि बाबांना विसरले. त्यांच्या पोराच्या हळदीला! आई ते धरून बसलेली इतके दिवस, आणि आम्ही म्हणत होतो तिला काही कळत नाही.

रडले. फणी टाकून, तिच्या मांडीवर डोकं ठेवून, शेजारीपाजारी ऐकू जाईल असं रडले. आई थोपटत राहिली. मग म्हणाली, "आता बोलव."