जाळीतल्या गाठी

रोहा, मंगळवार, संध्याकाळ

लेकीने माझ्या जुन्या फोटोतल्यासारखा टॉप मागितला, म्हणून सुती दोऱ्याने विणतेय. सैल, जाळीचा. आज बाजारातून आले तर पाठीवरच्या जाळीची भोकं सांधलेली! सासूबाईंनी. मासळीच्या जाळ्याला मारतात तशा घट्ट गाठी. आठवडाभराचं विणकाम! डोकंच फिरलं माझं.

त्या मात्र खूश. "फाटलेला दिसला गो, सांधून टाकला. येवढ्या भोकातनं मासळी काय, पोर पण निसटंल."

मी टॉप घेऊन आत गेले. सासरे गेल्यावर पेणजवळचं खाडीकाठचं घर बंद करून आम्ही त्यांना इथे आणलं. तेव्हापासून त्यांनी कशाला हात लावला नव्हता. नुसत्या खिडकीशी बसायच्या. आज स्वतःहून चहा मागितला.

कात्री घेऊन बसले होते. पण त्या गाठी... किती एकसारख्या! नाही कापवल्या. लेकीला काय सांगू? सांगेन, आजीची नक्षी आहे.

मग पुन्हा सुया उचलल्या. पुढच्या बाजूला एक भोक मुद्दाम मोठं ठेवलं, आणि विणकाम त्यांच्या खिडकीत ठेवून आले.